रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय

तिरंदाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एक साधा नियम आहे. नेम धरताना खेळाडूने जमिनीवर आखलेली रेषा दोन पायांच्या मधे घेऊन उभे राहावे. एक पाय अलीकडे, दुसरा पलीकडे. नाहीतर दोन्ही पाय रेषेवरच ठेवावेत. भालाफेक करणाऱ्याचा पाय रेषेपलीकडे गेला की फेक बाद. कबड्डीत तर मधली रेषा म्हणजे जगण्यामरण्याचाच प्रश्न. तिरंदाजीत मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवणे हीच उभे राहण्याची योग्य रीत समजली जाते. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आले. आम्ही सीमाभागातली माणसे. असे उभे राहिल्याबद्दल दोन्हीकडची बोलणी खाण्यात आमच्या दोन-तीन पिढ्या गेल्या.

मी तिरंदाज नव्हे. जत्रेत फुगे फोडण्यापलीकडे माझा नेमबाजीशी संबंध आला नाही. आयुष्य हायस्कुलात इतिहास शिकवण्यात गेले आणि त्यामुळे एक खोड जडली. खेळाचे निकालपत्रक हाती आले की माझी नजर गुणांवर जाण्याआधी खेळाडूच्या नावापुढच्या तीन अक्षरांवर जाते. देशाची खूण म्हणून छापलेली ती अक्षरे. एकाच माणसाच्या नावापुढची ही अक्षरे किती वेळा बदलावीत? जागतिक इनडोअर तिरंदाजी स्पर्धेचा, म्हणजे बंदिस्त सभागृहात होणाऱ्या जागतिक स्पर्धेचा, इतिहास चाळताना या प्रश्नाने मला पकडले. १९९१ पासून २०१८ पर्यंत ही स्पर्धा चौदा वेळा भरली. तिची हकीकत सांगताना गुणांपेक्षा गावांची आणि या अक्षरांची हकीकत जास्त येणार आहे, हे वाचकांनी आधीच समजून असावे.

पण आधी खेळ. तो कळल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

ऑलिंपिकमध्ये आपण जी तिरंदाजी पाहतो ती उघड्या मैदानावरची. अंतर ७० मीटर, लक्ष्याचा कागद १२२ सेंटिमीटर रुंद, आणि मधे वारा. खेळाडूचे निम्मे कसब वारा ओळखण्यात जाते. उत्तर युरोपात हिवाळ्यात हा खेळ मैदानावर खेळणे अशक्यच. दुपारी तीनला अंधार आणि बोटे बधिर. म्हणून तिथले लोक हिवाळ्यात व्यायामशाळेत नाहीतर एखाद्या मोठ्या सभागृहात शिरून सराव करू लागले. सभागृहाची लांबी ती किती असणार! त्यातून १८ मीटरचे अंतर रूढ झाले. इंग्रजी मापाने ते जवळजवळ २० यार्ड भरते. २५ मीटरचाही एक प्रकार होता, पण जागतिक स्पर्धेत टिकला तो १८ मीटरचाच.

अंतर कमी, म्हणजे खेळ सोपा, असे कोणाला वाटेल. तसे नाही. इथे लक्ष्याचा कागद ४० सेंटिमीटरचा, आणि दहा गुणांचे मधले वर्तुळ फक्त चार सेंटिमीटरचे, एखाद्या लिंबाएवढे. कंपाउंड नावाचे जे चाकांचे धनुष्य असते, ते वापरणाऱ्यांना तर त्याच्याही आतले दोन सेंटिमीटरचे वर्तुळ भेदावे लागते. रुपयाच्या नाण्याहून ते किंचित लहानच. बाण एकमेकांवर आदळून मोडू नयेत म्हणून एकाखाली एक अशी तीन छोटी लक्ष्ये लावतात आणि प्रत्येकात एकच बाण मारायचा. या छोट्या लक्ष्यात सहाच्या खालची वर्तुळे छापलेलीच नसतात. सहाच्या बाहेर गेला की शून्य.

दोन भोंगे वाजतात, खेळाडू रेषेवर येतात. दहा सेकंदांनी एक भोंगा. आता ठरलेल्या वेळात तीन बाण. मग तीन भोंगे, आणि सगळे आपापले बाण काढायला लक्ष्याकडे चालू लागतात. असे वीस वेळा. साठ बाण, सहाशे गुण. वारा नाही, ऊन नाही, पाऊस नाही. चुकलेल्या बाणाचे खापर फोडायला कोणी उरत नाही. जानेवारी २०१५ मध्ये फ्रान्समधल्या नीम या गावी माइक श्लोएसर या डच खेळाडूने कंपाउंड धनुष्याने साठच्या साठ बाण त्या नाण्याएवढ्या वर्तुळात मारले. सहाशेपैकी सहाशे. त्याआधी ते कोणाला जमले नव्हते.

आणखी एक नियम सांगायचा मोह आवरत नाही. बाण दोन वर्तुळांच्या मधल्या रेघेला नुसता टेकला तरी वरचे गुण मिळतात. आठ आणि नऊच्या सीमेवर बसलेला बाण नऊचा. म्हणून सभागृहात खेळताना मुद्दाम जाड बाण वापरतात. नियमाने बाणाची जाडी ९.३ मिलिमीटरपर्यंत चालते, आणि जितका बाण जाड तितका तो रेघेला टेकण्याचा संभव जास्त. मैदानावर हे चालत नाही, वारा जाड बाणाला ढकलतो. सीमारेषेवर पडलेल्याला वरच्या बाजूचा मानायचे, हा न्याय आमच्याकडच्या आयोगांना सुचला असता तर कागदाची केवढी बचत झाली असती! असो.

धनुर्विद्येचे नाव काढले की आपल्याला झाडावरचा पक्षी आणि त्याचा डोळा आठवतो. तो पक्षी म्हणजे पोपट, असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. गंमत अशी की युरोपातही पोपटच. मध्ययुगापासून तिथल्या तिरंदाजांच्या मंडळांत उंच खांबावर लाकडी पक्षी बसवून तो पाडण्याची चाल होती आणि त्या पक्ष्याला ते लोक त्यांच्या त्यांच्या भाषेत पोपटच म्हणत. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये हाही खेळ होता. पण त्या साली तिरंदाजीला बेल्जियम, फ्रान्स आणि हॉलंड एवढेच देश आले. प्रत्येक देशाचे नियम निराळे, अंतरे निराळी. मग तिरंदाजी ऑलिंपिकमधून गेली ती १९७२ च्या म्युनिकपर्यंत परतली नाही. सगळ्यांचे नियम एक करायचे तर एक महासंघ हवा, हे उघड होते. तो महासंघ ज्या गावी जन्माला आला ते गाव आपल्या वाचकांनी नीट पाहावे असे आहे.

४ सप्टेंबर १९३१. पोलंडमधले ल्वूफ. फ्रान्स, चेकोस्लोव्हाकिया, स्वीडन, पोलंड, अमेरिका, हंगेरी आणि इटली या सात देशांच्या प्रतिनिधींनी इथे आंतरराष्ट्रीय तिरंदाजी महासंघ स्थापन केला. पहिला अध्यक्ष पोलंडचाच, म्येचिस्वाफ फुलार्स्की. पहिली जागतिक स्पर्धाही तिथेच झाली. महिलांत यानिना कुर्कोव्स्का ही पोलिश बाई जिंकली आणि पुढे १९४७ पर्यंत सात वेळा ती वैयक्तिक विजेती ठरली.

आता या गावाचे नाव. मी ल्वूफ लिहिले ते पोलिश उच्चाराने. जर्मन लोक त्याला लेम्बर्ग म्हणत, रशियन ल्वोव, आणि युक्रेनियन लोकांचे ल्वीव. गाव तेच. बेळगाव की बेळगावी यावर ज्यांनी आयुष्यभर पाट्या बघितल्या, त्यांना यात नवल वाटू नये. १९१८ पर्यंत हे गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, मग पोलंडमध्ये गेले. १९३१ च्या शिरगणतीत वस्ती तीन लाख बारा हजारांच्या आसपास भरली. त्यांत निम्मे रोमन कॅथलिक, म्हणजे बहुतेक पोलिश. जवळजवळ एक तृतीयांश ज्यू. आणि साधारण सहावा हिस्सा ग्रीक कॅथलिक, म्हणजे बहुतेक युक्रेनियन. त्या शिरगणतीत मातृभाषेचा प्रश्न ज्या रीतीने विचारला गेला त्यावरून बराच वाद झाला. शिरगणतीत भाषेचा रकाना कोण भरतो आणि कसा भरतो, हा वाद आपल्यालाही घरचाच आहे.

महासंघ स्थापन होऊन आठ वर्षे होतात तोच, सप्टेंबर १९३९ मध्ये, सोव्हिएत फौजा गावात आल्या. १९४१ मध्ये जर्मन आले. तिथले ज्यू जवळजवळ सगळे मारले गेले. १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा परत आल्या आणि मग पोलिश माणसांना गाडीत घालून पश्चिमेकडे पाठवण्यात आले. त्यांतले पुष्कळ व्रोत्स्वाफ या शहरात गेले, जिथून जर्मनांना नुकतेच बाहेर काढले होते. १९०० साली ल्वूफमध्ये जन्मलेला माणूस जगून-वाचून एकाच गल्लीत राहिला असता तर सत्तरीच्या आत त्याने तीन-चार राज्यांची कागदपत्रे बाळगली असती. १९९१ नंतर ते गाव युक्रेनमध्ये आहे. तिरंदाजीचा जागतिक महासंघ आज स्वित्झर्लंडमधल्या लोझानला आहे आणि दीडशेहून अधिक देश त्याचे सभासद आहेत. त्याचे जन्मगाव मात्र तेव्हा ज्या देशात होते त्या देशात आज नाही.

साठ वर्षांनी, १९९१ मध्ये, याच महासंघाने पहिली जागतिक इनडोअर स्पर्धा भरवली. जागा फिनलंडमधले ओउलू, उत्तर ध्रुववृत्तापासून फार लांब नाही. बंदिस्त सभागृहातला खेळ भरवायला याहून योग्य हवामान कुठले मिळणार!

फिनलंडबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा देश आधी स्वीडनचा, मग १८०९ पासून रशियाच्या झारचा, आणि १९१७ नंतर स्वतंत्र. ओउलूचेही स्वीडिश नाव वेगळे, उलेओबोर्ग. आज फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे शंभरात पाच-सहा. तरी राज्यघटनेने फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रभाषा मानल्या आहेत. एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषेची माणसे निदान ८ टक्के किंवा ३,००० असली की ती नगरपालिका द्विभाषिक ठरते आणि तिथला कारभार दोन्ही भाषांत चालतो. आमच्याकडे १५ टक्क्यांचा आकडा कागदावर आहे. त्यासाठी निवेदने देता देता ज्यांचे केस पिकले ते माझे मित्र हा ८ चा आकडा वाचून काय म्हणतील ते मला इथे लिहिता येणार नाही.

ओउलूला पुरुषांत सेबास्तियाँ फ्ल्यूत हा फ्रेंच तरुण जिंकला. पुढच्या वर्षी बार्सिलोनाला त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदकही मिळवले. महिलांत जिंकली नतालिया वालेएवा. वय २१, देश सोव्हिएत संघ.

त्या वर्षी सोव्हिएत संघ शेवटचे श्वास मोजत होता. मार्चमध्ये संघ टिकवावा की नाही यावर सार्वमत झाले आणि सहा प्रजासत्ताकांच्या सरकारांनी ते घ्यायलाच नकार दिला. त्यांतले एक मोल्डोव्हा. वालेएवा तिथली, काउशेनी गावची. २७ ऑगस्टला मोल्डोव्हाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. पहिल्या इनडोअर स्पर्धेची विजेती ज्या देशाची म्हणून नोंदली गेली तो देश वर्ष सरायच्या आत नकाशावरून गेला.

मोल्डोव्हाचे भांडण कशावरून पेटले? भाषेवरून, आणि त्याहून जास्त लिपीवरून. तिथले बहुसंख्य लोक रुमानियन भाषा बोलतात. १८१२ मध्ये रशियाच्या झारने तो मुलूख घेतला, पहिल्या महायुद्धानंतर तो रुमानियाकडे गेला, १९४० मध्ये सोव्हिएत संघाने घेतला. सोव्हिएत राज्यकर्त्यांनी सांगितले की तुमची भाषा रुमानियन नव्हे, ती ‘मोल्डाव्हियन’ नावाची वेगळीच भाषा आहे. आणि ती वेगळी दिसावी म्हणून रशियन लिपीत लिहायला लावली. अक्षर बदलले म्हणजे भाषा बदलते, ही समजूत राज्यकर्त्यांना फार प्रिय असते. ३१ ऑगस्ट १९८९ ला मोल्डोव्हाच्या विधिमंडळाने ही भाषा राज्यभाषा ठरवली आणि रोमन लिपी परत आणली. त्याबरोबर नीस्टर नदीच्या पलीकडचे लोक, ज्यांत रशियन आणि युक्रेनियन बोलणारे बरेच होते, बिथरले. उद्या आमच्या मुलांना नोकऱ्या कोण देणार, आमचे अर्ज कोण वाचणार, ही त्यांची भीती. माझे मन रुमानियन बोलणाऱ्यांकडे ओढ घेते हे खरे, पण या दुसऱ्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. ती मी आमच्या तालुक्याच्या कचेरीत रांगेत उभी असलेली पाहिली आहे.

नदीपलीकडच्यांनी ट्रान्सनिस्ट्रिया नावाचे स्वतःचे राज्य जाहीर केले आणि १९९२ मध्ये लढाई जुंपली. जूनमध्ये बेंदेर शहरात रस्त्यारस्त्यांत गोळीबार झाला. काउशेनी तिथून जवळच आहे. २१ जुलैला युद्धबंदीचा करार झाला. २५ जुलैला बार्सिलोनाचे ऑलिंपिक सुरू झाले. ज्योत पेटवली तीही बाणाने. अँतोनियो रेबोल्यो या अपंग तिरंदाजाने जळता बाण सोडला, आणि जगभर लोकांनी तो टीव्हीवर श्वास रोखून पाहिला.

या स्पर्धेत जुन्या सोव्हिएत संघातली बारा प्रजासत्ताके मिळून एक संघ उतरला होता. त्याला नावही धड नव्हते, नुसता ‘एकत्रित संघ’. नावापुढची अक्षरे ईयूएन. नियम असा ठरला की वैयक्तिक पदक मिळाले तर त्या खेळाडूच्या स्वतःच्या प्रजासत्ताकाचा झेंडा चढेल, सांघिक पदक मिळाले तर ऑलिंपिकचा पाच कड्यांचा झेंडा. वालेएवाला दोन कांस्यपदके मिळाली, एक वैयक्तिक आणि एक सांघिक. एकाच मुलीसाठी, एकाच स्पर्धेत, दोन निराळे झेंडे. सांघिक पदकाच्या वेळी तिच्या शेजारी दोघी होत्या: लुदमिला अर्झान्निकोवा युक्रेनची आणि खातुना क्व्रिविश्विली जॉर्जियाची. तिघींचे तीन देश, आणि तिघींत रशियाची एकही नाही.

बार्सिलोना ही कॅटलान भाषेची राजधानी. पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, दुसरी जागतिक इनडोअर स्पर्धा भरली ती त्याच भाषेच्या दुसऱ्या टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पलीकडे, फ्रान्समधल्या पर्पिन्याँला. महासंघाने भाषांचा विचार करून ही गावे निवडली असे मी म्हणत नाही. त्यांना सभागृह हवे होते, हॉटेले हवी होती. पण युरोपात कुठेही बोट ठेवा, सीमेवरचे गाव निघते.

पर्पिन्याँ आणि त्याभोवतीचा रूसियाँ प्रांत १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने स्पेनकडून फ्रान्सला गेला. पर्वत ही सीमा ठरली, पण एका खोऱ्यात पर्वताची धार कुठून जाते यावर एकमत होईना. अखेर त्या खोऱ्यातली ३३ खेडी फ्रान्सला द्यायचे ठरले. तेव्हा स्पेनच्या वकिलांनी म्हटले, ल्यीव्हिया हे खेडे नाही, त्याला शहराचा दर्जा आहे. तहात खेडी लिहिली आहेत, शहरे नव्हेत. ते मान्य झाले, आणि ल्यीव्हिया आजपर्यंत चारी बाजूंनी फ्रान्सने वेढलेला स्पेनचा तुकडा म्हणून उभे आहे. एका शब्दाने! आमच्याकडेही खेडे हा घटक धरावा की तालुका, यावर किती वर्षे वाद झाले, ते इथल्या प्रत्येक घरात पाठ आहे. १७०० साली चौदाव्या लुईने फर्मान काढून रूसियाँच्या कागदपत्रांतून कॅटलान भाषा बाद केली. तीनशे वर्षे झाली. पर्पिन्याँमध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर ती अजून दिसते, आणि घराघरांतून मात्र ओसरत चालली आहे. पाटी राहिली आणि स्वयंपाकघर गेले, अशी ही गोष्ट. उलटे झालेले मी जास्त पसंत केले असते.

पुढच्या स्पर्धांची गावे भराभर सांगतो: १९९५ बर्मिंगहॅम, १९९७ इस्तंबूल, १९९९ हवाना, २००१ फ्लॉरेन्स, २००३ नीम, २००५ डेन्मार्कमधले आल्बोर्ग, २००७ इझ्मिर. इस्तंबूलला ओकमेदान नावाची वस्ती आहे, म्हणजे बाणांचे मैदान. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमदने ही जागा तिरंदाजांना नेमून दिली. कोणाचा बाण किती लांब गेला याचे कोरीव दगड तिथे उभारत, त्यांतले काही घरांच्या गर्दीत अजून टिकून आहेत. पण तो लांब फेकीचा खेळ, त्याची वाट वेगळी.

वालेएवा मात्र खेळत राहिली. १९९५ मध्ये जकार्त्याला मैदानी जागतिक विजेतेपद तिने मोल्डोव्हासाठी मिळवले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्येही नावापुढे मोल्डोव्हाच. मग ती एका इटालियन गृहस्थाशी लग्न करून इटलीत गेली, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तिची अक्षरे आयटीए झाली. २००७ मध्ये लाइपझिगला ती पुन्हा मैदानी जागतिक विजेती झाली, इटलीची म्हणून. २०१२ च्या लंडनपर्यंत सहा ऑलिंपिक, आणि नावापुढे तीन वेगवेगळी अक्षरचिन्हे. ओउलूचे धरले तर चार.

यावर काही लोक म्हणतील, पोट जिकडे तिकडे देश. मला तसे वाटत नाही. पहिले दोन बदल तिने केलेच नाहीत. ते मॉस्कोत, किशिनेवमध्ये आणि नदीकाठच्या लढाईत ठरले. ती त्या काळात १८ मीटरवर आणि ७० मीटरवर बाण मारत होती. तिने स्वतः केलेला बदल एकच, सासरी जाण्याचा. आमच्या भागात आजोळ धारवाडकडे, सासर कोल्हापूरकडे, आणि देवाला जायचे ते सौंदत्तीला, अशा बायका घरोघरी आहेत. त्यांना कोणी ‘तू नक्की कुठली?’ असे विचारले तर त्या विचारणाऱ्यालाच वेड्यात काढतात.

या बाईची गाठ आपल्या मुलींशीही पडली. २०११ मध्ये इटलीतल्या तुरीनला मैदानी जागतिक स्पर्धा झाली. महिलांच्या सांघिक अंतिम फेरीत भारताच्या दीपिका कुमारी, बोंबायला देवी आणि चेक्रोव्होलू स्वुरो समोर इटलीचा संघ होता. आपल्याला रौप्यपदक मिळाले. जिंकलेल्या तिघींत एक होती वालेएवा, वय ४१.

इनडोअर स्पर्धा २००९ मध्ये पोलंडमधल्या झेशूफला झाली. हे गाव ल्वीवपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर. ऑस्ट्रियाच्या काळात दोन्ही एकाच प्रांतात होती आणि ल्वीव त्या प्रांताची राजधानी. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा आखली गेली ती या दोहोंच्या मधून. तिरंदाजी अशी अठ्ठ्याहत्तर वर्षांनी आपल्या जन्मगावाच्या शेजारी येऊन गेली, पण रेषेच्या या बाजूला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा ल्वीवच्या स्थानकावरून लक्षावधी बायकामुले याच वाटेने पोलंडमध्ये आली, आणि झेशूफचा विमानतळ युक्रेनला जाणाऱ्या मदतीचे मोठे ठाणे झाला. मार्चमध्ये महासंघाने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळले.

झेशूफनंतर लास वेगास, पुन्हा नीम, अंकारा, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातले यांक्टन. ती चौदावी स्पर्धा शेवटची ठरली. त्यानंतर महासंघाने देशांच्या संघांची ही जागतिक स्पर्धा बंद करून हिवाळ्यातल्या खुल्या स्पर्धांची एक मालिका सुरू केली. नीमसारख्या ठिकाणी आता हजाराहून अधिक तिरंदाज येतात. देशाने निवडण्याची गरज नाही, नाव नोंदवायचे आणि आपले धनुष्य घेऊन यायचे. अक्षरे नावापुढे अजून छापतात, पण माणूस आपल्या खर्चाने आलेला असतो. जुन्या स्पर्धेत राष्ट्रगीतांची रंगत होती, ती गेल्याची हळहळ काही जाणकार करतात. मला त्यात फारसे वाईट वाटत नाही.

शेवटी एक मैदानी स्पर्धा, कारण तिच्यात आपले माणूस आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक स्पर्धा बर्लिनला झाली. त्या शहरात जिथून भिंत जात होती तिथे रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवली आहे. मोटारी आणि सायकली तिच्यावरून जात-येत असतात. ४ ऑगस्टला कंपाउंड प्रकारात भारताच्या महिलांनी मेक्सिकोचा २३५-२२९ असा पराभव केला. मोठ्यांच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेतले भारताचे ते पहिलेच सुवर्णपदक. दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या अदिती स्वामीने, वयाच्या १७ व्या वर्षी, आंद्रेया बेसेर्राला १४९-१४७ असे हरवून वैयक्तिक विजेतेपद घेतले, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुण मारून पुरुषांचे.

मी सवयीप्रमाणे आदल्या दिवशीच्या सांघिक निकालाचा कागद पाहिला. अदिती स्वामी, सातारा. परनीत कौर, पंजाब. ज्योती सुरेखा वेन्नम, विजयवाडा. मराठी, पंजाबी आणि तेलुगू मुलखांतल्या तिघी. नावांपुढे आयएनडी.